रोथ्कोसमोर मला रडू नाही, चीड आली

अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रोथ्कोच्या चित्रांसमोर लोक रडतात म्हणे. हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगून झालंय की डोळे कोरडे राहिले तर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. लंडनला टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्याच्या ‘सीग्रॅम म्युरल्स’ या चित्रमालिकेपैकी एका ‘ब्लॅक ऑन मरून’समोर बराच वेळ बसले होते आणि खरं सांगू का, मला चक्क चीड आली.

उजेड मुद्दाम कमी ठेवलेला, चित्र अडीच मीटरच्या वर उंच आणि रुंदीला त्याहून जास्त. आधी दिसतो नुसता मरून रंग आणि त्यावर काळी चौकट. मग डोळे सरावले की कळतं, मरूनच्या खाली अजून मरून आहे, पातळ पातळ थर, एखाद्या जागी चमक तर लगेच शेजारी एकदम मॅट, आणि चौकटीची कड सरळ अशी कुठेच नाही, पिंजून ठेवल्यासारखी. फोटोत यातलं काही म्हणजे काही येत नाही. खिडकी समजून आपण आत डोकवायला जातो आणि पुढे परत भिंतच!

नंतर वाचलं की १९५८ मध्ये या चित्रांची ऑर्डर होती न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगमधल्या ‘फोर सीझन्स’ या महागड्या रेस्टॉरंटसाठी, आणि रोथ्कोच्या डोक्यात होती फ्लॉरेन्सची मायकेलॅंजेलोची लायब्ररी, तिथल्या जिन्याच्या दालनात खिडक्या आहेत पण सगळ्या बुजलेल्या. बघणाऱ्याला कोंडल्यासारखं व्हावं हेच त्याला हवं होतं. म्हणजे माझी चीड अगदीच अस्थानी नव्हती तर. (पुढे तो स्वतः तिथे जेवून आला आणि चित्रं द्यायलाच नाही म्हणाला. बरं केलं, स्टेक खाताना कोण बघणार होतं.)

आता ती दुसरी गोष्ट. यातली पुढे त्याने टेटला दिलेली चित्रं लंडनला पोचली २५ फेब्रुवारी १९७० ला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याने आत्महत्या केल्याचं उघडकीला आलं. योगायोग भयंकर आहे, मान्य, पण चित्रं दहाएक वर्षं आधीची आहेत हो, प्रत्येक काळ्या पट्ट्यात मरण कशाला शोधायचं? काय वाटायचं ते आधीच ठरवून गेलं तर बघायचं काय उरलं?

आणि ‘हे तर आमचा बंड्याही काढेल’ वाल्यांसाठी: २०१२ मध्ये एकाने यातल्याच एका चित्राच्या कोपऱ्यावर शाईने खरडलं, शाई थराथरांतून आत झिरपली आणि तेवढा कोपरा नीट करायला तज्ज्ञांना दीड वर्ष लागलं. बंड्याला विचारून बघा, घेतो का काम.