सूचना मागवण्यात येत आहेत

वर्षातून एकदा शहराला आपल्या नागरिकांची आठवण येते. ‘आगामी अंदाजपत्रकासाठी सूचना मागवण्यात येत आहेत’ अशी जाहिरात झळकते. इतके दिवस नुसत्या गप्पांत शहर चालवणाऱ्या माणसाला वाटते, चला, लागला एकदाचा आपला नंबर! हा उत्साह अर्जातल्या तिसऱ्या रकान्यापर्यंत टिकतो. तिथे लिहिलेले असते : ‘कामाचा प्रकार – भांडवली / महसुली. लागू नसेल ते खोडा.’

इथे निम्मे लोक चुकीचे खोडतात आणि उरलेले दोन्ही खोडतात.

खरे तर गोष्ट सोपी आहे. जे बांधायचे, विकत घ्यायचे आणि काही वर्षे टिकायचे, ते भांडवली. पगार, वीजबिल, साफसफाई, डागडुजी हे महसुली. नागरिकांपुढे ठेवलेला पैसा बहुतेक शहरांत भांडवली खात्यातला असतो. म्हणून बागेत नवा झोपाळा मागता येतो, पण जुन्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल मागता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये हा ‘लोकसहभागी अंदाजपत्रका’चा प्रकार, म्हणजे थोडा पैसा कुठे खर्चायचा ते लोकांनाच ठरवू देण्याचा, २०११ साली चार प्रभागांत सुरू झाला. तिथला नियम असा की, मागितलेली वस्तू किमान ५ वर्षे टिकली पाहिजे. नियम चांगला आहे. फक्त तिला ५ वर्षे टिकवायचे कोणी, हा प्रश्न महसुली आहे.

या सगळ्याचे मूळ ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात आहे. तिथे १९८९ साली वर्कर्स पार्टीच्या नगर प्रशासनाने शहराचे १६ विभाग पाडले, वस्त्यावस्त्यांत सभा घेतल्या आणि लोकांना कामांचा क्रम लावायला सांगितला. खरी मेख पुढे होती. पैशांची वाटणी सभेतल्या आवाजावर होत नसे. विभागाची लोकसंख्या किती, तिथे सोयींची वानवा किती आणि लोकांनी त्या कामाला कितवा क्रम दिला, यांचे गुण मांडून होत असे. त्यामुळे पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या गरीब वस्त्यांत आधी पोचल्या. पुढे ही कल्पना जगभर गेली, पण जाताना गुणांचा तक्ता बऱ्याच ठिकाणी गाडीतून पडला असावा. नव्या मुक्कामी पोचल्या त्या सभा, रंगीत चिकटचिठ्ठ्या आणि मार्कर. खुद्द पोर्तो आलेग्रेने २०१७ मध्ये ही प्रक्रिया स्थगित केली, तेव्हा बाकीची शहरे फलक लावून तिचे कौतुक करत होती.

आता वाटा किती, ते पाहू. पॅरिसने २०१४ पासून गुंतवणुकीच्या खर्चातले सुमारे ५ टक्के लोकांच्या मतावर सोडले. पोलंडने २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना हे सक्तीचे केले, निदान ०.५ टक्के खर्च तरी लोकांना विचारून करा म्हणून. म्हणजे शंभरातल्या अर्ध्या रुपयासाठी सभा, मतदान, छाननी आणि भांडणे. उरलेले साडेनव्व्याण्णव मात्र बिनबोभाट. अर्थात त्यांतला बराच मोठा भाग आधीच बांधलेला असतो : पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे हप्ते, गेल्या वर्षीच्या अर्धवट कामांची देणी. अंदाजपत्रकात खरोखर मोकळा असलेला पैसा शोधणे हेच मोठे काम आहे. त्या जाडजूड पुस्तकात तो ‘इतर’ नावाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या सदराखाली, सापडण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

दुसरी अडचण मुदतीची. पुढच्या वर्षीचे काम हवे असेल, तर आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सहा-सात महिने आधी सूचना द्यावी लागते. कारण मग छाननी, जागेची पाहणी, पूर्वगणनपत्रक (म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज), खात्यांचे अभिप्राय, प्रशासनाचा मसुदा आणि सभागृहाची मंजुरी, अशी वरात निघते. लोक जागे होतात ते मसुदा वर्तमानपत्रात छापून आल्यावर. तोवर आकडे वाळून घट्ट झालेले असतात आणि एखादे काम घुसवायचे तर दुसरे काढावे लागते. काढायचे काम नेहमी शेजारच्या प्रभागातले सुचवले जाते.

अर्ज कसा भरावा, यावर मात्र मी अडून बसणार आहे, कारण निम्म्या सूचना इथेच मरतात. ‘आमच्या भागातील रस्ता सुधारावा’ ही सूचना नव्हे, हे गाऱ्हाणे आहे. त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो आणि प्रकरण मिटते. लिहायचे असे : ‘शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत, डाव्या हाताचा पदपथ, लांबी १४० मीटर, रुंदी १.८ मीटर, मध्ये दोन विजेचे खांब आणि एक झाड, शेवटी चाकाच्या खुर्चीसाठी उतार.’ खांब लिहायचेच. खांब हलवण्याचा खर्च लपला, तर काम मंजूर होते आणि पदपथ खांबापाशी येऊन थांबतो. उताराचेही प्रमाण लिहावे : १२ सेंटिमीटर उंचीला निदान १४४ सेंटिमीटर लांबी, म्हणजे १ ला १२. नाहीतर जो उतार बांधला जातो, त्यावरून खुर्ची खाली येते ती थेट रस्त्याच्या मध्यावर.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे जागा कोणाची. जिथे बाक हवा ती पट्टी रेल्वेची, वीज कंपनीची किंवा कोणाच्या खासगी मालकीची निघाली, तर सूचना पहिल्याच चाळणीत गळते. जागेचा उतारा आधी पाहावा. शहराच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे पडून असलेल्या जागेला बाक मागितला की मालक नक्की उगवतो.

खर्चाच्या रकान्यात लोक मनाला येईल तो आकडा घालतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले दर एवढ्यावर भागत नाही. जुने उखडणे, राडारोडा वाहून नेणे, कर, अनपेक्षित खर्चासाठी थोडी टक्केवारी आणि काम वर्षभराने सुरू होणार म्हणून वाढीव दर, हे सगळे धरावे लागते. यांतले काही सुटले की निविदा आकड्याच्या वर येते. मग ‘कामाची व्याप्ती कमी करून’ असा शब्दप्रयोग होतो. १४० मीटरचा पदपथ ९० मीटरचा होतो. तो ९० मीटर कुठून कुठे, हे कंत्राटदार ठरवतो.

मग सभा. ती कामाच्या दिवशी दुपारी तीनला ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्यांना दुपारी तीनला मोकळे असता येते, त्यांचीच निकड शहराला कळते. घरकाम करणाऱ्या, पाळीत काम करणाऱ्या, पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांची निकड गैरहजर राहते. हजर असलेल्यांतले एक गृहस्थ विषय कोणताही असो, भटक्या कुत्र्यांवर बोलतात. एकांना प्रास्ताविक करायचे असते. एक बाई मोजमापासकट नकाशा घेऊन आलेल्या असतात. त्यांना दोन मिनिटे मिळतात. सभेला संध्याकाळची वेळ, मुलांना सांभाळायला एक कोपरा आणि बोलण्याला घड्याळ, एवढ्या तीन गोष्टींनी निम्मा गोंधळ कमी होतो. पॅरिसमध्ये ७ वर्षांपुढच्या मुलांना मत आहे, न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांपुढच्यांना. मला हे पटते. मुले ‘सर्वांगीण विकास’ मागत नाहीत. घसरगुंडी मागतात, आणि ती कुठे हवी तेही बोटाने दाखवतात.

मतमोजणीकडे कोणी पाहत नाही, आणि खरी लबाडी न करताही अन्याय व्हायची जागा नेमकी तीच आहे. समजा निधी १०० एकक, मतदार १००, प्रत्येक काम २० एककांचे. पूर्वेकडच्या ६० जणांनी आपली पाच कामे निवडली, पश्चिमेच्या ४० जणांनी आपली पाच. जास्त मते त्याला आधी पैसे, या साध्या पद्धतीने पाचही कामे पूर्वेला जातात. ४० टक्के लोकांनी मत दिले, हात झटकले आणि घरी गेले. ‘समान वाटा’ नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक मतदाराच्या नावावर एक एकक ठेवतात आणि काम त्याच्या समर्थकांच्या खिशातून उभे राहते. पूर्वेच्या ६० एककांत तीन कामे, पश्चिमेच्या ४० मध्ये दोन. पोलंडमधल्या व्येलिच्का आणि स्वित्झर्लंडमधल्या आराऊ या गावांनी २०२३ मध्ये ही पद्धत प्रत्यक्ष वापरली. आपल्या शहरात ती मागितली, तर ‘संगणकात तशी सोय नाही’ हे उत्तर मिळेल. गणित वहीवर होते, हे कृपया नम्रपणे सांगावे.

काम निवडून आले म्हणजे झाले, असे समजणाऱ्याने पुढचे वाचू नये. मंजूर कामाचा अंदाजपत्रकातला क्रमांक आणि लेखाशीर्ष त्याच दिवशी लिहून घ्यावे. कारण वर्षाच्या मध्यावर कुठेतरी पैसा कमी पडतो आणि ‘वर्गीकरण’ होते, म्हणजे तुमच्या पदपथाचे पैसे दुसऱ्या शीर्षाखाली स्थलांतर करतात. दर तीन महिन्यांनी चारच प्रश्न विचारावेत : पूर्वगणन झाले का, निविदा निघाली का, कार्यादेश दिला का, बिल किती अदा झाले. चौथ्याचे उत्तर ‘पूर्ण’ आणि पदपथ जागेवर नसेल, तर पाचवा प्रश्न आपोआप सुचतो. कार्यादेश वर्षअखेरीच्या तोंडावर निघाला, तर काम घाईत उरकते किंवा निधी अखर्चित राहून परत जातो. नाकारलेल्या सूचनांची कारणेही लेखी मागावीत. ‘तांत्रिक कारणास्तव’ हे कारण नव्हे.

एवढे करून बाक बसतो. मजबूत असतो, पाठ टेकायलाही सोय असते. आठवडाभरात कोणीतरी त्याच्या समोर कचऱ्याचा डबा आणून ठेवतो. डबा वेगळ्या खात्याचा, त्याची उचल महसुली, आणि तो हलवण्याची सूचना द्यायची मुदत गेल्या मंगळवारी संपलेली असते.