पॉलिमर स्वस्त आहे हो, पण बाकीचं?

ऐरोली-घणसोलीपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘विजेवर रंग बदलणारं नवं प्लास्टिक आलं! खिडकीला चिकटवा, बटण दाबा, हवा तो रंग. खर्च पडद्याइतका, वीज शून्य, एसीचं बिल निम्मं.’

यात ‘नवं’ फारसं काही नाही. ॲनिलिन या रसायनाच्या द्रावणात वीज सोडून निळसर-हिरवा थर हेन्री लेथेबी यांनी १८६२ मध्येच मिळवला होता. वीजवाहक पॉलिमरांच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या अशा प्लास्टिकांच्या, शोधाला २००० चं नोबेलही मिळून गेलं.

‘हवा तो रंग’ हीसुद्धा थाप. रंग बटण ठरवत नाही, रेणू ठरवतो. ॲनिलिनपासून बनणारं पॉलिॲनिलिन फिकट पिवळ्याचं हिरवं आणि पुढे निळं होतं. पेडॉट हे दुसरं वीजवाहक पॉलिमर गडद निळ्याचं फिकट आकाशी. गुलाबी पाहिजे तर दुसरा रेणू बनवा!

खरी गोम ‘पडद्याइतक्या खर्चा’त आहे. ॲनिलिन कारखान्यांत टनावारी बनतं आणि थर मायक्रॉनहूनही पातळ पुरतो, म्हणजे पॉलिमर स्वस्त पडू शकतं, कबूल. पण नुसता थर काचेला चिकटवून काही होत नाही. रंग बदलतो तो पॉलिमरमधून इलेक्ट्रॉन काढले किंवा त्यात घातले की, आणि हिशेब जुळवायला आयनांनाही, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांनाही, ये-जा करावी लागते. त्यामुळे दोन बाजूंना पारदर्शक वीजवाहक लेप, मध्ये आयनांना वाट देणारं इलेक्ट्रोलाइट आणि पॉलिमरसमोर आयन साठवणारा आणखी एक थर, असं अख्खं सँडविच लागतं. तो लेप बहुधा इंडियम-टिन ऑक्साइडचा असतो, आणि इंडियम हा धातू महाग. वर कडा अशा बंद करायच्या की आपल्या पावसाळ्यातली दमट हवा आत शिरता कामा नये. म्हणूनच फवारून किंवा छापून देता येणारे थर आणि इंडियमविना चालणारे लेप यांवर संशोधकांची धडपड चालू आहे.

‘वीज शून्य’ मात्र बरंचसं खरं. एक-दोन व्होल्ट पुरतात, आणि बदललेला रंग काही काळ विजेविना टिकतो.

बिल निम्मं? गडद काच ऊन शोषून तापते आणि त्यातली थोडी उष्णता खोलीतच सोडते. शिवाय एसीला हवेतला ओलावाही काढायचा असतो. तिथे काचेच्या रंगाचा काय उपयोग? पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा करा, जास्त फरक पडेल.

आणि दुकानात ‘स्मार्ट फिल्म’ म्हणून दाखवतात ती बहुधा लिक्विड क्रिस्टलची असते. विक्रेत्याला वीज बंद करायला सांगा. काच लगेच दुधी झाली, तर ती रंग बदलणारी फिल्म नव्हे.