अर्धा कोयता आणि खोलीचं डिपॉझिट

बीडच्या बार्शी नाक्यावरच्या टपरीवर काल वाद पेटला तो समोरच्या गॅरेजमधल्या पोरावरून. बालगृहात वाढलेला, मागच्या महिन्यात अठरा पूर्ण झाले, आता खोली शोधतोय. डिपॉझिट जमवलंय त्यानं. पण तिन्ही मालक म्हणाले, "वडलांना घेऊन ये."

"त्याला काय कमी हाय?" अप्पा तापला. "2018 पासून अनाथांना 1 टक्का आरक्षण हाय. आमच्या वस्तीवरल्या पोरांना काय? कोयता!"

अप्पाचं खोटं नाही. त्याचा पुतण्या सतराव्या वर्षी बोहल्यावर चढला, कारण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल म्हणजे आगाऊ रक्कमही अर्धी. लग्नाच्या खर्चाला उचल, उचल फेडायला कारखाना, नाही फिटली की पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच ट्रक. दहावीचं हॉल तिकीट अजून पत्र्याच्या पेटीत आहे म्हणे.

"पर अप्पा, तुझा पुतण्या पट्टा पडला, हंगाम संपला की घरी येतोय," संतोष म्हणाला. "आजी भाकर थापती. ह्याला ताप आला तर ह्यानं कुणाकडं जावं?"

"सरकारकडं! कायदा हाय ना?"

कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस वयाच्या अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावर आधार देण्याची तरतूद आहे. पोराला मात्र कुणी त्यातलं काही सांगितलं नाही. दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी तेवढी हातात दिली. आरक्षणाचंही तेच. आधी अनाथ प्रमाणपत्र काढा, मग फॉर्म भरा, आणि परीक्षेपर्यंत जेवायचं कुठं ते तुमचं तुम्ही बघा. मी स्वतः पदवीनंतर चार वर्षं बापाच्या भाकरीवर स्पर्धा परीक्षा देत होतो. ते काही मी कट्ट्यावर बोललो नाही.

अप्पानं बशीतला चहा संपवला. "मालकाचा नंबर हाय का कुणाकडं?"

फोन स्पीकरवर टाकला.

"मी पोराचा चुलता बोलायलोय."

"बरं, बरं. आडनाव काय आपलं?"

अप्पानं फोनवर तळहात धरला अन् गॅरेजकडं तोंड करून ओरडला, "आरं, आडनाव काय रं तुझं?"

पोरगं पाना हातात घेऊनच उठलं. "कोणतं सांगू, अप्पा? शाळंतलं का आधारवरलं?"