केस इंटरव्ह्यू आणि आपली एसटी

कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या फर्मच्या, इंटर्नशिपचा हंगाम आला की आयआयटी-आयआयएममधल्या ज्युनिअर पोरांचे फोन सुरू होतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, इंग्रजी कच्चं आहे, काय करू?" मी याच धंद्यात आहे, दरवर्षी बऱ्याच जणांचे मॉक (सरावाच्या मुलाखती) घेतो, म्हणून ठामपणे लिहितो. इंग्रजीमुळे सहसा कुणी पडत नाही. आपली मुलं पडतात ती समोरच्याला प्रश्न विचारत नाहीत म्हणून. शंका विचारणाऱ्याला आगाऊ ठरवणाऱ्या वर्गांत आपण शिकलो आणि इथे नेमके प्रश्न विचारण्याचेच मार्क आहेत.

केस इंटरव्ह्यूत एखाद्या धंद्याची अडचण, म्हणजे केस, देतात आणि ती तिथल्या तिथे बोलत सोडवायची असते. मी बऱ्याचदा एक केस देतो: एसटी महामंडळ तोट्यात आहे, कारण शोधा. केसबुक (सोडवलेल्या केसेसचा संग्रह) पाठ केलेला मुलगा लगेच कागदावर उत्पन्न आणि खर्च असे दोन फाटे काढतो आणि मिनिटभरात निकाल देतो, "मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, म्हणून उत्पन्न घटलं." मग मी विचारतो, उरलेलं अर्धं कोण भरतं? शांतता. अरे, सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं! म्हणजे हिशोबात तिकीट जवळपास पूर्णच धरायचं, आणि गाडीत माणसं वाढली तर भारमान (भरलेल्या सीटचं प्रमाण) उलट सुधारतं. सरकारचे पैसे उशिरा आले तर पगाराच्या तारखेला तिजोरी रिकामी असेल, पण ती रोखीची अडचण झाली. तोटा वेगळा. एवढा फरक बोलून दाखवला तरी समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

पुढची गंमत किलोमीटरमध्ये आहे. गाडी भरलेली असो की रिकामी, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार जवळपास तेवढाच. म्हणून दर किलोमीटरला मिळतं किती आणि जातं किती, हे मार्गवार मांडायचं. मुंबई-पुणे शिवनेरी एकीकडे, आडगावची मुक्कामी गाडी दुसरीकडे. इथे हुशार मुलं हमखास म्हणतात, "तोट्याच्या फेऱ्या बंद करा." आणि जो प्रश्न अगदी सुरुवातीला विचारायला हवा होता तो राहूनच जातो: एसटीला नफा हवाय, की गावातली पोरं शाळेत पोचायला हवीत? क्लायंटला काय हवंय हे न विचारता दिलेला सल्ला कितीही देखणा असला तरी मी तो नापासच करतो.

गेसटिमेटचंही, म्हणजे अंदाजाने आकडा काढायच्या प्रश्नाचंही, तेच. घरी म्हशी असलेल्या कोल्हापूरच्या पोराला विचारलं, शहरात रोज किती दूध लागत असेल? त्याने सुरुवात केली भारताच्या १४० कोटींपासून! २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं. घरटी साडेचार माणसं धर, सव्वा लाखाच्या आसपास घरं, घरामागे लिटरभर, वर चहाच्या टपऱ्या आणि मिठाईवाले. आकडा थोडा चुकला तर चालतो, पण प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायची. लाख-कोटीतून मिलियनमध्ये जाताना शून्यं हरवतात, तेवढं सांभाळा.

मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्येही फर्मनुसार थोडा फरक पडतो. मॅकिन्झीत साधारणपणे मुलाखत घेणारा केस पुढे नेतो, बीसीजी आणि बेनमध्ये बऱ्यापैकी तुम्हालाच हाकावी लागते. मॅकिन्झीत स्वतःच्या अनुभवावरही खोलात शिरतात. एकच प्रसंग दहा-पंधरा मिनिटं उकरून काढतात. तिथे आपली मुलं संकोचाने "टीमने केलं" म्हणत राहतात. तू नेमकं काय केलंस ते सांग ना!

सीव्ही शॉर्टलिस्टबद्दल बोलायचं तर ती मला अन्यायाचीच वाटते. दहावी-बारावीचे मार्क आणि सीपीआय (कॉलेजातली सरासरी ग्रेड) बघून चांगली डोकी दारातच अडतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

हजारो रुपयांचे कोर्स मात्र घेऊ नका. कॉलेजच्या कन्सल्टिंग क्लबचं केसबुक आणि एक चिकाटीचा मित्र पुरतो. आलटून-पालटून मुलाखत घ्या. दुसऱ्याचं पाल्हाळ ऐकल्यावर स्वतःचंही कानाला खटकायला लागतं. पहिले काही मॉक खुशाल मराठीत करा, विचार सुटा झाला की इंग्रजीत या.

कुणाला मॉक हवा असेल तर मेसेज करा. एसटीची केस आता फुटली, त्यामुळे यंदा साखर कारखाना देईन. सांगली-कोल्हापूरकरांनी उगाच खूश होऊ नये, तुम्हाला डिस्टिलरीही लावणार आहे.