नोकरी सोडायला लावताना कुणी हिशेब मांडला होता का?

पोटगीचा विषय निघाला की आपल्या सांगलीत, चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांतसुद्धा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. "डिग्री आहे ना, मग कमवावं की! नवऱ्याच्या जिवावर कशाला?" परवा एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा तेच ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी एक मैत्रीण सांगलीच्या वालचंद कॉलेजची इंजिनिअर. पुण्यात चांगल्या नोकरीत होती. मूल झालं, पाठोपाठ सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नवऱ्याचा पगार जास्त, म्हणून नोकरी हिनं सोडायची असं घरात ठरलं. नोकरी सुटल्यावर तिनं पीएफ काढला, तो इथल्या विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या डाऊन पेमेंटला गेला. फ्लॅट मात्र नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, कारण कर्ज त्याच्या पगारावर. तेव्हा कुणालाच, तिच्या आईवडिलांनाही, त्यात वावगं वाटलं नाही. आज ती माहेरी राहते आणि कोर्टात समोरचे वकील तिचीच डिग्री पुढे करतात: बाई इंजिनिअर आहेत, यांना पोटगी कशाला? इकडे मुलाखतीला गेली की पहिला प्रश्न, "मधली बारा वर्षं काय केलंत?" सासऱ्यांची पथ्यं सांभाळली, पोराचा अभ्यास घेतला, हे बायोडेटात कुठं लिहायचं?

कायद्याला हे दिसत नाही असं नाही. नागपूरच्या एका जोडप्याच्या प्रकरणात, रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला स्पष्ट सांगितलंय की संसारासाठी, मुलांसाठी, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी बायकोला नोकरीच्या संधी सोडाव्या लागल्या का, हे पोटगी ठरवताना बघायचं. इतक्या वर्षांच्या खंडानंतर पुन्हा नोकरी मिळणं अवघड असतं, हेही त्यात आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

दोघांनीही, हे महत्त्वाचं. चांगला पगार लपवून पोटगी मागणाऱ्या बाईला ती मिळू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली नवराही पोटगी मागू शकतो, हे तावातावानं बोलणाऱ्या किती जणांना माहीत असतं?

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पोटगीत तिच्या खाण्यापिण्याचा, राहण्याचा खर्च धरतात. पण तिनं घर सांभाळलं म्हणून त्याची बढती झाली, फ्लॅट झाला, गाडी झाली, त्यात तिचा वाटा कुठाय? गोव्याच्या नागरी कायद्यात, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर जमवलेल्या मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हक्क असतो. आपल्याकडे नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. शेतात राबणाऱ्या बाईचा हक्क त्यांना पटला, मग पगारदारांना का जड जातो?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण ज्यांच्या मुलींची लग्नं ठरताहेत त्यांना हात जोडून सांगते: घर घेताना दोघांची नावं लावा, आणि तिनं नोकरी सोडायचं ठरलं तर त्याच महिन्यापासून तिच्या पीपीएफमध्ये पैसे पडू द्या. हे बोलणं याद्यांच्या बैठकीतच करा. मानपानाचं, आहेराचं तिथं तासभर बोलतो आपण, हे बोलायला संकोच कसला?