गुठळी निघाली म्हणजे पेशंट बरा झाला?

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘लकव्यात मेंदूतली गुठळी तारेनं काढली की पेशंट बराच होतो. नंतर बीपी लगेच खाली आणा, मेंदूच्या ताकदीचं इंजेक्शन मागून घ्या, दुसऱ्या दिवशीच चालवा.’ रामबागेतल्या माझ्या मामांची गुठळी दोन वर्षांपूर्वी काढली, म्हणून गप्प बसवत नाही.

‘बराच होतो’? पाच मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे शंभरात 46 होते. गुठळी न काढलेल्यांत 26-27. उपचार मोलाचा आहेच, पण रक्त पोचेपर्यंत मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

बीपीचा सल्ला सर्वांत घातक. मॉनिटरवर 158 दिसलं की मामेभाऊ सिस्टरच्या मागे लागायचा, ‘गोळी द्या ना.’ ती म्हणाली, ‘दादा, 180 च्या वर नको, तसं 140 च्या खालीही नको.’ तिचं बरोबर होतं. चीनमधल्या चाचणीत वरचा आकडा 120 च्या खाली ठेवलेल्यांचे हाल जास्त झाले आणि चाचणी मधेच थांबवावी लागली. 2022 ची गोष्ट. दुखावलेल्या मेंदूला रक्ताचा जोर लागतो.

इंजेक्शन : मेंदूच्या ताकदीचं म्हणून देतात त्या सिटिकोलीनची 2298 लकव्याच्या पेशंटांवर चाचणी झाली, 2012 साली निकाल आला, फायदा दिसला नाही. गुठळी काढल्यावर, तार ज्या नळीतून आत घातली त्याच नळीतून गुठळी विरघळवणारं औषध सोडण्यावर मात्र खरं काम चालू आहे. काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत नाही. पण तो निर्णय ऑपरेशनच्या टेबलावरच डॉक्टर घेतात, वॉर्डात मागून मिळत नाही.

आणि चालवणं. 2015 च्या मोठ्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवून चालवलेल्यांचा निकाल उलट वाईट लागला. फिजिओथेरपिस्ट सांगेल तेव्हा, थोडं थोडं, दिवसातून अनेकदा.

मेसेजमध्ये गिळण्याबद्दल अक्षर नाही! मामी दुसऱ्या दिवशी डब्यात पोहे घेऊन आल्या, मामांच्या आवडीचे, वर शेव. सिस्टरनं आधी चमचाभर पाणी पाजून पाहिलं. मामांना ठसका लागला, आवाज घोगरा झाला. तेच पोहे श्वासनलिकेत गेले असते तर न्यूमोनिया. नाकातून नळी घातली, रोज गिळण्याचे व्यायाम झाले. अकराव्या दिवशी मामांनी चार चमचे मऊ खिचडी खाल्ली आणि मामी वॉर्डातच रडल्या.