नऊ नंबरवाले सर

मरणाऱ्याला निदान आवराआवर करू द्यावी, एवढीच माझी अपेक्षा होती. मरणारी म्हणजे माझी शेल स्क्रिप्ट, ओळीनं कमांड चालवणारा छोटा प्रोग्रॅम. तिला ट्रॅप लावला होता: पंधरा नंबरचा सिग्नल, सिगटर्म ('आवरून निघ' असा निरोप), आला की लॉक फाइल (एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून ठेवलेली खूण) उडवायची आणि १४३ कोड देऊन निघायचं. (१२८ अधिक सिग्नलचा नंबर, असा तो हिशोब.) सिग्नल पाठवला. स्क्रिप्ट ढिम्म.

ढिम्म असणारच! आत पाच मिनिटांचं स्लीप, म्हणजे नुसतं थांबायची कमांड, चालू होतं, आणि पुढ्यातली कमांड संपल्याशिवाय स्क्रिप्ट चालवणारा बॅश ट्रॅपकडे बघत नाही. हा उशीरच तर मला तपासायचा होता. तेवढ्यात मागून आवाज.

"अडकलंय वाटतं?"

"नाही सर, टेस्ट करतोय."

"मग मरत का नाहीये?"

"मरेल. स्लीप संपू दे."

"ते झोपलंय म्हणून आपण ताटकळायचं? सरक जरा."

सिग्नल पाठवायची कमांड किल; किल -एल मारलं की लिनक्सवर साठाच्या वर सिग्नल दिसतात. सरांना त्यातला एकच पाठ. माझाच कीबोर्ड ओढून एका बोटानं त्यांनी किल -९ टाइप केलं, पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) मला विचारला (आणि मी सांगितला, सर ना ते!), आणि एंटर असा हाणला की माउस हलला.

"बघ. गेलं."

गेलंच. कोड १३७. नऊला ट्रॅप लागतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर उरकतो, स्क्रिप्टला पत्ताही लागत नाही. लॉक फाइल जागच्या जागी. आणि ज्या स्लीपपायी हे सगळं झालं ते अनाथ होऊन खुशाल घोरत होतं, कारण सरांनी मारलं फक्त त्याच्या आईला.

स्क्रिप्ट पुन्हा चालवली. लॉक बघून ती म्हणाली, "आधीच चालू आहे," आणि बंद.

"तुझ्या लॉकमध्ये बग आहे रे," सर म्हणाले आणि चहाला गेले.

स्लीप बॅकग्राउंडला टाकून वेट या कमांडवर थांबलं की ट्रॅप लगेच धावतो, ते मी पुढे करणारच होतो. शिळ्या लॉकवरही उपाय आहे: त्यात पीआयडी लिहायचा आणि सुरुवातीला किल -० मारायचं. नाव किल, पण शून्य कुणाला मारत नाही, नुसती नाडी बघतो. पण हे ऐकायला थांबतं कोण? पंधरा पाठवून वाट बघणारा संथ, आणि नऊ हाणणारा म्हणे ट्रबलशूटिंगमधला वाघ. वाघाची घाण काढायला आम्ही.

नऊला ट्रॅप लागत नाही हे मी नाही ठरवलं, पोझिक्सनं, म्हणजे युनिक्सछाप सिस्टिम्सच्या मानकानं, ठरवलंय. तरी संध्याकाळी माझ्या नावावर तिकीट पडलं: 'किल -९ केल्यावरही स्क्रिप्टनं लॉक फाइल स्वतः काढावी. प्रायॉरिटी हाय.'